जनरल वैद्यांची मारुती

अल-खोबरच्या आमच्या कंपाउंडमध्ये शिरायचं म्हणजे तेव्हा एक छोटी परीक्षाच असायची. आधी रस्त्यावर वाकडेतिकडे मांडलेले काँक्रीटचे ठोकळे. त्यांच्यातून गाडी नागमोडी वळवत आणायची. मग पहिला अडथळा, इकामा दाखवा. (इकामा म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र. ते खिशात नसेल तर माणूस असून नसल्यासारखा.) मग दुसरा अडथळा, डिकी उघडा. मग एक नेपाळी पोरगा लांब दांड्याला बसवलेला आरसा गाडीच्या पोटाखालून फिरवणार. शेवटी वाळूच्या पोत्यांमागे मशीनगन घेऊन बसलेला सौदी शिपाई, बहुतेक वेळा मोबाइलवर बोलण्यात गुंग. एवढं सगळं पार करून आम्ही आत काय आणायचो, तर दोन किलो कांदे आणि दह्याचा डबा.

पहिल्या दिवसांत याचं हसू यायचं. २९ मे २००४ नंतर ते थांबलं.

मी सप्टेंबर २००३ मध्ये इथे आलो. खोबरला त्याआधीही एक मोठा स्फोट झाला होता. २५ जून १९९६ च्या रात्री 'खोबर टॉवर्स' या इमारतींसमोर स्फोटकांनी भरलेला टँकर उडवला गेला आणि अमेरिकन हवाई दलाची १९ माणसं मेली. पण ते आपल्या आधीचं, आणि अमेरिकनांचं, म्हणून मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलेलं. २००४ च्या त्या शनिवारी मात्र (तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे) बंदूकधारी आधी तेलधंद्यातल्या कचेऱ्यांमध्ये घुसले आणि मग 'ओअॅसिस' नावाच्या राहत्या कंपाउंडमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते चाललं होतं. २२ माणसं मेली, त्यांत ८ भारतीय.

आमचं घर तिथून लांब होतं. मी दम्मामच्या ऑफिसात होतो, बायको आणि मुलगी घरी. संध्याकाळी पुण्याहून बाबांचा फोन आला.

"परत ये," बाबा म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मी म्हणालो, "बाबा, आम्ही ठीक आहोत. आणि आता बंदोबस्त खूप वाढवलाय."

थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बंदोबस्त जनरल वैद्यांनाही होता."

मी परत गेलो नाही. नोकरी होती, डोक्यावर फ्लॅटचं कर्ज होतं, नेहमीचीच कारणं. पण ते वाक्य माझ्याबरोबर खोबरला राहिलं.

*

बंदोबस्त वाढला त्या ओघातच आमच्या कंपाउंडला मेजरसाहेब आले. पाकिस्तानी सैन्यातून निवृत्त झालेले, झेलमकडचे. सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक. साठीच्या आसपासचे, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. डाव्या हाताच्या पंजावर भाजल्याची जुनी खूण. नेपाळी पोरांना त्यांनी आठवडाभरात सरळ केलं. आरसा कसा धरायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत का बघायचं, सगळं शिकवलं. मोबाइलवाल्या सौदी शिपायाचं मात्र त्यांनाही काही करता आलं नाही.

पहिल्याच भेटीत माझा पासपोर्ट चाळताना त्यांची नजर पत्त्यावर थांबली.

"पूना? पूना हॉर्स वाला पूना?"

खरं सांगतो, मला पूना हॉर्सबद्दल फारसं काहीच माहीत नव्हतं. लहानपण कॅम्पाला लागून घोरपडीत गेलेलं, वडील डिफेन्स अकाउंट्समध्ये नोकरीला, घरी कँटीनचा साबण आणि कँटीनचा चहा. तरी माहीत नव्हतं. मेजरसाहेबांनीच मला सांगितलं की ही घोडदळाची पलटण पेशवाईच्या अखेरीस, १८१७ च्या सुमारास पुण्यात उभी राहिली आणि १९७१ मध्ये रणगाडे घेऊन त्यांच्यासमोर उभी ठाकली होती. एका पाकिस्तानी माणसाकडून पुण्याचा इतिहास ऐकायचा, तोही सौदी अरेबियात! मी नुसता 'हो हो' करत राहिलो.

१९७१ साली मेजरसाहेब कोवळे सेकंड लेफ्टनंट होते, शकरगडच्या भागात एका रणगाडा पलटणीत. हातावरची खूण तिथली. शुक्रवारी दुपारी गेटवरची गर्दी ओसरली की ते आपल्या खोलीत दूधपत्ती उकळायचे आणि मला बोलवायचे. त्या लढाईबद्दल ते शेतकऱ्याने एखाद्या वाईट पावसाळ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. राग नाही, बढाई नाही.

"आमच्यासमोर सुरुंग पेरलेले होते," ते हिंदी-पंजाबी मिसळून सांगत. "आम्हाला वाटलं, तुमच्या लोकांना निदान रात्रभर तरी लागेल. पण वाट पूर्ण साफ व्हायच्या आधीच तुमचे रणगाडे आत आले. पहाटे बघतो तर समोर! मी नंतर पुस्तकं मिळवून वाचलं, पलीकडे ब्रिगेडियर कोण होता म्हणून. वैद्य. तुमच्याच गावचे ना? आणि त्यांना कुणीतरी मारलं ना, रिटायर झाल्यावर?"

मी म्हणालो, "हो. आमच्या घरापासून फार लांब नाही."

"मग सांगा," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

मला सांगता येईना. ज्या माणसाच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं होतं, त्याच्याबद्दल मला तो कसा मेला एवढंच माहीत होतं. जगला कसा हे माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात मी नेटवर आणि फोनवरून बाबांकडून जे जमेल ते गोळा केलं. पुढच्या शुक्रवारी मी गृहपाठ करून गेलो.

*

अरुण श्रीधर वैद्य. जन्म २७ जानेवारी १९२६. आपल्याकडच्या पाट्यांवर 'अरुणकुमार वैद्य' असं लिहितात. १९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध अजून चालू असताना, ते डेक्कन हॉर्स या पलटणीत दाखल झाले. म्हणजे पहिल्यापासून रणगाड्यांचा माणूस.

१९६५ च्या सप्टेंबरात ते लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्सचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव आहे. पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन रणगाडे तिथे चालून आले. वैद्यांच्या पलटणीकडे होते महायुद्धाच्या काळातले शर्मन. समोरासमोर गाठ पडली असती तर काय झालं असतं हे सांगायला कुणी इंजिनिअर नको. पण आपल्या लोकांनी घोड्याच्या नालाच्या आकारात फळी धरली, उसाच्या शेतांत रणगाडे दडवले आणि भोवतालच्या शेतांत पाणी सोडलं. पॅटन चिखलात रुतले आणि बाजूने मारा झाला. अब्दुल हमीदांना परमवीरचक्र मिळालं ती हीच लढाई. तिथे पडलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांची गावकऱ्यांनी मोजदाद केली म्हणतात, आणि जमवून ठेवलेल्या त्या रणगाड्यांच्या जागेला 'पॅटननगर' नाव पडलं. वैद्यांना महावीरचक्र मिळालं.

१९७१ मध्ये ते ब्रिगेडियर होते, १६ व्या स्वतंत्र रणगाडा ब्रिगेडचे प्रमुख. पूना हॉर्स याच ब्रिगेडमध्ये. शकरगडच्या भागात चक्रा, देहलीरा, आणि शेवटी बसंतर नदी. मेजरसाहेब सांगत होते ती १५-१६ डिसेंबरची रात्र हीच. इंजिनिअरांची सुरुंग काढायची वाट अर्धवट असतानाच रणगाडे पलीकडे घातले गेले. दुसऱ्या दिवशी पूना हॉर्सचे २१ वर्षांचे अरुण खेत्रपाल तिथे लढता लढता गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की त्याला 'बार' म्हणतात. असा मान आजवर फक्त ६ जणांना मिळाला आहे.

मी हे वाचून दाखवत होतो आणि मेजरसाहेब मधेमधे दुरुस्त करत होते. "चक्रा पहले, देहलीरा बाद में." माझ्या गावच्या माणसाचं चरित्र तपासायला शत्रूकडचा परीक्षक!

१९८३ साली वैद्य लष्करप्रमुख झाले. सेवाज्येष्ठ असलेल्या लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हांना डावलून त्यांची निवड झाली. सिन्हांनी राजीनामा दिला, वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, आपलं सैन्य सियाचीनवर चढलं. आणि जूनमध्ये अमृतसर.

*

इथे मी थांबलो, कारण त्या शुक्रवारी खोलीत आम्ही दोघेच नव्हतो. आमच्या साइटवरचे वेल्डिंगचे फोरमन, जालंधरकडचे सरदारजी, मेजरसाहेबांना पंजाबी बोलायला मिळतं म्हणून अधूनमधून यायचे. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून निमूटपणे चहा पीत होते.

"बोलो, बोलो," ते म्हणाले. "मैं सुन रहा हूं."

मी चाचरत सांगितलं. सुवर्णमंदिराच्या आवारात भिंद्रनवाले आणि त्यांचे सशस्त्र साथीदार होते, माजी मेजर जनरल शाबेगसिंगांनी मोर्चेबंदी करून दिली होती. (माजी लष्करी अधिकारी तिकडूनही होताच.) निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारचा. पश्चिम विभागाचे प्रमुख सुंदरजी, प्रत्यक्ष कारवाई मेजर जनरल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली, आणि ब्रार स्वतः शीख कुटुंबातले. सगळ्यांत वर लष्करप्रमुख म्हणून वैद्य. गुरू अर्जनदेवांच्या शहीद दिनासाठी आलेले भाविक आतच अडकले होते. ५-६ जूनच्या रात्री पायदळाची फार हानी झाल्यावर रणगाडे आत नेले गेले आणि अकाल तख्ताच्या इमारतीवर तोफा डागल्या गेल्या. सैनिक, अतिरेकी, भाविक, शेकडो माणसं मेली.

"टँकवाल्या माणसाच्या कारकिर्दीत टँक असा वापरावा लागला," मेजरसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

सरदारजींनी कप खाली ठेवला. तेव्हा ते १२ वर्षांचे होते. संचारबंदी होती. त्यांचे वडील तीन दिवस रेडिओसमोर बसून होते, जेवले नाहीत. नोव्हेंबरात दिल्लीतल्या मामांचं दुकान जळलं, मामा वाचले. "जनरलने हुक्म माना, ये मैं समझता हूं," ते म्हणाले. "फौजी और क्या करेगा? लेकिन मेरे बापू कभी नहीं समझे. आखिर तक नहीं." आणि थोड्या वेळाने, "पर बीवी बाजू में बैठी थी उनकी. ये ठीक नहीं था."

म्हणजे पुढचा भाग त्यांना माहीत होता. तरी मी सांगितला, कारण तो मी पाहिला होता. निदान त्याचा काठ तरी पाहिला होता.

*

१० ऑगस्ट १९८६, रविवार. श्रावण नुकताच लागला होता. बाबा सकाळी कॅम्पात भाजी आणायला गेले होते. ते बारा वाजून गेले तरी आले नाहीत, म्हणून आई गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. आले ते पिशवी अर्धी रिकामी घेऊन, सायकल हातात धरून चालत. "रस्ते बंद केलेत. वैद्यसाहेबांना गोळ्या घातल्या," एवढंच बोलले आणि सायकल भिंतीला टेकवून जिन्यातच बसले. मी तेव्हा आठवीत होतो. बाबांना जिन्यात बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर खटल्यात जे आलं त्यावरून सगळा प्रसंग स्पष्ट झाला. ३१ जानेवारीला निवृत्त होऊन वैद्य पुण्यात राहायला आले होते. त्या दिवशी ते पत्नी भानुमतींबरोबर खरेदीला गेले होते. मारुती गाडी, आणि ती ते स्वतः चालवत होते. शेजारी पत्नी, मागच्या सीटवर एक शस्त्रधारी रक्षक. पावणेबाराच्या सुमारास परतताना राजेंद्रसिंहजी रस्त्यावरच्या चौकात वळण घ्यायला त्यांनी गाडी सावकाश केली. (तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते राजेंद्रसिंहजीही घोडदळातले आणि लष्करप्रमुखच!) एक लाल इंड-सुझुकी मोटारसायकल ड्रायव्हरच्या बाजूने समांतर आली. मागे बसलेल्याने अगदी जवळून डोक्यात गोळ्या झाडल्या. जनरल पत्नीच्या खांद्यावर कलंडले. त्याही जखमी झाल्या. गाडी तशीच भरकटली, एका सायकलवाल्याला धडकली आणि थांबली. मागच्या सीटवरच्या रक्षकाला काही करायला अवधीच मिळाला नाही.

असल उत्तरचे पॅटन आणि बसंतरचे सुरुंग ज्याला काही करू शकले नाहीत, तो माणूस पुण्याच्या कॅम्पात, रविवारची खरेदी आटपून घरी जाताना गेला. वय ६०. निवृत्तीला पुरते साडेसहा महिनेही झाले नव्हते.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या भावाकडे तशीच लाल इंड-सुझुकी होती. पुढे बरेच दिवस त्याने ती ताडपत्री घालून ठेवली होती. ७ सप्टेंबरला पिंपरीजवळ अशाच एका लाल मोटारसायकलची ट्रकशी टक्कर झाली आणि त्यातून पहिले दोघे पकडले गेले. खटला पुण्यातच चालला. सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांनी आपण हे केल्याचं कबूल केलं. १९८९ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला पहाटे येरवड्यात ती अमलात आली. वैद्यांना १९८७ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आलं. त्या दोघांना हुतात्मा मानणारे लोक पंजाबात आजही आहेत, त्यांच्या पुण्यतिथीला कार्यक्रमही होतात. मला ते कधीच पटणार नाही. पण सरदारजींच्या बापूंचा रेडिओही मला आता विसरता येत नाही.

*

सगळं सांगून झाल्यावर मी मेजरसाहेबांना विचारलं, "तुम्ही सुरक्षा अधिकारी आहात. ज्याला धमक्या येत आहेत, त्याने स्वतः गाडी चालवत बाजारात जाणं ही चूक नाही का? आमचे बाबा अजून तेच म्हणतात. गाडी त्यांनी स्वतः चालवायला नको होती."

ज्या गोळीवर आपलं नाव लिहिलेलं असेल ती येणारच, असं वैद्य म्हणत, असं सांगतात. बाबांना ते पटत नसे. त्यांच्या मते ही शौर्याची नव्हे, हट्टाची गोष्ट होती, आणि त्याची किंमत भानुमतीबाईंनीही मोजली.

मेजरसाहेब बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"सुरक्षा अधिकारी म्हणून विचाराल तर चूक," ते म्हणाले. "रोज रस्ता बदला, वेळ बदला, स्वतः चालवू नका, रविवारी एकाच बाजारात जाऊ नका. मी तुम्हाला हेच शिकवतो. पण फौजी म्हणून विचाराल तर.. चाळीस वर्षं माणूस सरकारी गाडीत बसतो. दार दुसरा उघडतो. रिटायर झाल्यावर त्याला एकच हौस असते. बायकोला शेजारी बसवून आपली गाडी आपण चालवायची, आणि भाजी आपण आणायची. मला विचारा ना! मी झेलमला पहिल्यांदा तेच केलं."

मग म्हणाले, "वर्दी उतर जाती है, बेटा. ऑर्डर नहीं उतरता."

हुकूम सरकारचा असतो. संसदेत उत्तर मंत्री देतात, पुढे मंत्री बदलतात, सरकारं बदलतात. पण ज्या अधिकाऱ्याने तो पाळला त्याचं नाव त्या हुकुमाला कायमचं चिकटतं, आणि निवृत्त झाल्यावर तो हुकूम घेऊन तो एकटाच घरी येतो. मागे ब्रिगेड नसते. मागच्या सीटवर एक माणूस असतो. जनरल वैद्यांच्या मरणातलं मला तोपर्यंत न कळलेलं हेच होतं. मी ते 'पंजाबच्या काळातला एक खून' म्हणून लक्षात ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी बायकोला बाजारात घेऊन गेलो. बायकांना इथे २०१८ पर्यंत गाडी चालवायला परवानगीच नव्हती, त्यामुळे ड्रायव्हर कायम मीच आणि ती कायम शेजारी. येताना एका वळणावर गाडी सावकाश केली आणि उगीचच आरशात पाहिलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. कांदे घेतले का?" मी म्हणालो.

*

२०१० मध्ये मेजरसाहेब दुसऱ्यांदा निवृत्त झाले आणि झेलमला गेले. जाताना कंपाउंडातल्या मुलांना खजूर वाटून गेले. पुढे दोन वर्षं फक्त ईदला आणि दिवाळीला फोन.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये, ईद नाही, दिवाळी नाही, अचानक त्यांचा फोन. "पढा आपने? लंडन?" ३० सप्टेंबरला लंडनमध्ये लेफ्टनंट जनरल ब्रार यांच्यावर रस्त्यात चाकूहल्ला झाला होता. तेच ब्रार. निवृत्त होऊन त्यांना २० वर्षं झाली होती आणि अमृतसरला २८. मुंबईत ते कडक बंदोबस्तात राहायचे. लंडनला पत्नीबरोबर फिरायला गेले आणि संध्याकाळी चालत असताना हल्लेखोरांनी गाठलं. मानेवर वार झाला, पण ते वाचले. वय ७८!

"देखा?" मेजरसाहेब म्हणाले. "नहीं उतरता."

मग त्यांनी एक काम सांगितलं. पुढच्या वेळी पुण्याला गेलात की वैद्यसाहेबांच्या नावाचं तिथे काय आहे ते बघून या.

पुण्यात गेलो तेव्हा भाच्याला घेऊन भवानी पेठेत गेलो. तिथे जनरल वैद्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. भाचा शाळेच्या स्पर्धेसाठी तिथे आधी येऊन गेला होता. पाटीसमोर उभं राहून मी त्याला विचारलं, "हे वैद्य कोण, माहीत आहे?"

तो म्हणाला, "कुणीतरी डॉक्टर असतील ना मामा?"

मला त्याच्यावर रागावता येईना. पूना हॉर्स म्हणजे काय हे मला तिशी उलटल्यावर खोबरमध्ये, तेही पाकिस्तानी माणसाने सांगितलं होतं. मग तिथेच, स्टेडियमबाहेर उसाचा रस पिता पिता, त्याला सगळं सांगितलं. शर्मन, चिखल, सुरुंगांतली वाट, अमृतसर, मारुती. पोरगं रस प्यायचं विसरलं. शेवटी त्याने विचारलं, "पण ते रिटायर झाले होते ना?" मी म्हणालो, "हो." याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं की उद्या कॅम्पातल्या त्या चौकातून जाऊन येतो. बाबा म्हणाले, "जा. गाडी हळू चालव." मग स्वतःच चपला घालून माझ्याबरोबर आले.

खोबरला परतल्यावर मेजरसाहेबांना फोन केला. डॉक्टरचं सांगितलं नाही. स्टेडियम आहे एवढंच सांगितलं, आणि मुंबईत गोरेगावला त्यांच्या नावाचा मोठा रस्ताही आहे म्हणालो.

"अच्छा है," ते म्हणाले. "बच्चे खेलते हैं वहां?"

"हो, खेलते हैं."

"फिर ठीक है."

दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचा निरोप आला. मेजरसाहेब झोपेतच गेले, झेलमला, स्वतःच्या घरी. आदल्या संध्याकाळी गाडी काढून बेगमसाहेबांना बाजारात घेऊन गेले होते, असं त्याने लिहिलं होतं.

मी तो निरोप सरदारजींना दाखवला. त्यांनी वाचला, मोबाइल परत केला आणि दोघांनी मिळून दूधपत्ती केली. मेजरसाहेबांसारखी झाली नाही.